आळशी आगाशाचं कपाट

आमच्या प्रार्थनाघराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'श्रम आणि शांत जीवन'. माझी मेहुणी आगाशा म्हणायची, यातलं पहिलं मावराचं आणि दुसरं माझं. मावरा म्हणजे माझी बायको, आगाशाची धाकटी बहीण. हे ऐकलं की मावरा ओठ आवळायची आणि समोरचा कोबी आणखी जोरात चिरायला लागायची.

आम्ही दुखोबोर, युद्ध न मानणारा एक रशियन ख्रिस्ती पंथ. पणज्यांनी बंदुकांची होळी केली, रशिया सोडला आणि कॅनडाच्या या डोंगरी खोऱ्यात दगड वेचून शेतं काढली. तेव्हापासून आमच्यात माणसाची किंमत तळहाताच्या घट्ट्यांवरून ठरते. दारू नाही, तंबाखू नाही, मांस नाही. आळस तर नाहीच नाही. एखाद्याने चोरी केली तर त्याला समजावून सांगतील, पण उजाडल्यावर तुमचे पडदे बंद दिसले की अख्ख्या खोऱ्यात बोभाटा. आगाशाचे पडदे चांगलं ऊन तापेपर्यंत बंद असायचे.

तिचा आळस साधासुधा नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. लहानपणी बापाने दोघी बहिणींना ओढ्यावरून पाणी आणायला लावलं. मावरा खांद्यावर कावड घेऊन पळत सुटली. आगाशा सकाळभर काठावर बसून राहिली. बापाने येऊन कान धरला, तरी हलली नाही. दुपारी उठली, गोठ्यामागे पडलेल्या जुन्या पन्हाळी ओढत आणल्या, एकात एक अडकवल्या आणि ओढ्याचं पाणी सरळ अंगणातल्या पिंपात आणून सोडलं. ती पन्हाळ पुढे कित्येक वर्षं त्या घरानं वापरली. मावरानंही वापरली. पण कौतुक झालं ते मावराच्या कावडीचं, आणि आगाशाच्या नावापुढे 'आळशी' लागलं ते कायमचं.

तिला मी एकदा विचारलं, "तुला या लोकांचा राग येत नाही?"

"येतो ना," ती म्हणाली. "पण राग धरून ठेवायला फार ताकद लागते."

तिमोफेशी तिचं लग्न झालं. तो माझ्याबरोबर लाकडाच्या गिरणीत होता, हसरा माणूस. मूलबाळ झालं नाही. त्यांच्या बागेत बटाटे जमिनीत पुरलेले नसायचे. आगाशा ते जमिनीवर नुसते ठेवायची आणि वर गवताचा जाड थर पसरायची. काढायच्या वेळी गवत बाजूला केलं की धुतल्यासारखे बटाटे. रस्त्यापलीकडे आमच्या बागेत मावरा पहाटेपासून गुडघ्यांवर बसून तण उपटायची, आणि गिरणीतून दमून आलो की मीही तिच्या शेजारी. अशा वेळी पलीकडच्या ओसरीवर आगाशा पाय वर घेऊन चहा पीत बसलेली दिसायची. मला तिचा हेवा वाटायचा. मावराला लाज वाटायची. "माझी सख्खी बहीण आहे ती," मावरा म्हणायची, "लोक मला काय म्हणत असतील?" लोक तिला काहीच म्हणत नव्हते. खोऱ्याच्या शरद जत्रेत कोबी, बीट आणि शेपू या तिन्हींचं पहिलं बक्षीस दरवर्षी मावराचंच असायचं.

तिमोफे गेला. आगाशा एकटी राहिली आणि तिचं बरं चाललं होतं. मग एका नोव्हेंबरात तिला अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, बोलणं वाचलं, पण डावा हात लुळा पडला आणि डावा पाय ओढत चालावं लागे. पंच्याहत्तरी ओलांडलेली बाई, एका हाताची, काठी घेऊन त्या घरात परत आली ती डॉक्टरांशी भांडून.

त्या हिवाळ्यात मावरा रोज रस्ता ओलांडून जायची. तिची लाकडं फोडायची, बोर्श, म्हणजे आमचं कोबीचं सूप, करायची, चादरी धुवायची. एका सकाळी मावरा बर्फावरून घसरली आणि बराच वेळ तिथेच बसून राहिली. मी धावत गेलो तर डोळ्यांत पाणी. लागलं नव्हतं. दमली होती. त्याच आठवड्यात तिने शहरातल्या वृद्धाश्रमात चौकशी केली. शरदात एक खोली रिकामी होणार होती. नाव लावून ठेवलं आणि मग बहिणीला सांगितलं. मी सोबत होतो, दुर्दैवाने.

"न्यान्या, तुझं नाव घातलंय मी," मावरा म्हणाली. आमच्यात मोठ्या बहिणीला न्यान्या म्हणतात.

"काढ."

"तिथे सगळं हातात मिळतं. तुला तर आवडायला हवं. काही करायला लागत नाही."

"तिथे पहाटे उठवतात, आणि टाळ्या वाजवत व्यायाम करायला लावतात. मला एकच हात आहे. मी टाळी कुठे वाजवू?"

"चेष्टा पुरे. एकटी कशी राहशील तू? धड असताना तू कधी काही केलं नाहीस. आता या अंगाने काय करणार? तुझ्या हातून एक रोप जगायचं नाही गं, तू कशी जगणार?"

हे जरा जास्तच झालं. मावरालाही ते कळलं, पण बोललेलं बोलून झालं होतं. आगाशाने डोळे मिटले. मला वाटलं, डोळा लागला. विचार करताना आणि झोपताना ती सारखीच दिसते.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "जत्रेत मी काहीतरी पिकवून ठेवते. पहिलं आलं तर मी या घरात राहीन आणि तू तो विषय पुन्हा काढायचा नाहीस. नाही आलं तर तू म्हणशील त्या खोलीत मुकाट्याने जाईन. शब्द दे."

आम्ही शपथ घेत नाही. कोर्टातसुद्धा नाही, त्यापायी आमची माणसं तुरुंगात गेली आहेत. म्हणून आमच्यात शब्द फार जड असतो. मावराने विचार केला. बीट असो, कोबी असो, समोर ती स्वतःच उभी राहणार होती.

"दिला. पण झाडाला दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही. याचा तर मुळीच नाही," असं म्हणून तिने माझ्याकडे बोट केलं. "काय ठेवणार आहेस?"

"गांजा," आगाशा म्हणाली.

सांगायला हवं, की सरकारने घरात चार झाडं लावायची परवानगी दिल्यापासून जत्रेत त्याचाही एक वर्ग निघाला होता. लोणची, मध, भोपळे, आणि अगदी टोकाच्या टेबलावर कुलूपबंद काचेच्या पेटीत गांजा. आमची मंडळी त्या टेबलाकडे न बघता पुढे जायची, पण जायची मात्र अगदी सावकाश.

मावराचा चेहरा बिटासारखा झाला. "आपल्या घरात? आपल्यात तंबाखू ओढत नाहीत आणि तू..."

"ओढायचं कोण म्हणतंय? वाढवायचं आहे. आणि आपल्या आजीने याच जातीच्या झाडाचं तेल काढलं, दोर वळले, सदरे विणले. तेव्हा कुणाला लाज वाटली नाही."

"ते वेगळं होतं!"

"थोडंसं वेगळं होतं," आगाशा म्हणाली. "कोबीला कुदळ लागते, बिटाला वाकावं लागतं. हे एकच पीक मला घरात, खुर्चीत बसून घेता येईल. शब्द दिलायस तू, मावरा."

मावरा दार आपटून निघून गेली. घरी आल्यावर तिने संध्याकाळपर्यंत माझ्याशी अबोला धरला. माझा गुन्हा एवढाच, की मला हसू आवरलं नव्हतं.

त्यानंतर कितीतरी दिवस आगाशाने काहीच केलं नाही. बसून होती. मावरा खिडकीतून बघायची आणि म्हणायची, "बघ, झालं तिचं." मग एकदा आगाशाने मला हाक मारली. तिच्या झोपायच्या खोलीत तिमोफेचं मोठं कपाट होतं, आत त्याचा जाड कोट अजून टांगलेला. तिने मला आत दिवा टांगायला सांगितला, फोनवरून मागवलेला. मग छोटा पंखा. मग दोन्हींना टायमर.

"मला हात लावायची बंदी आहे," मी म्हणालो.

"झाडाला. इथे झाड कुठे दिसतंय तुला? बियासुद्धा अजून पाकिटात आहेत. ठोक खिळा."

कोट काढू का विचारलं, तर नको म्हणाली. "राहू दे त्याला. जागा आहे."

पुढचं तिने एकटीने केलं आणि मी खुर्ची टाकून बघत बसलो. माझे हात इतके शिवशिवत होते की मी ते मांड्यांखाली दाबून ठेवायचो. कपाटाच्या तळाशी तिने लांबट टब ठेवला होता, त्यावर फळी, फळीला भोकं, फळीवर चार कुंड्या. प्रत्येक कुंडीच्या बुडातून जुन्या झोपायच्या झग्याची फाडलेली पट्टी खाली टबात सोडलेली. कंदिलातली वात जशी तेल वर ओढते तशी ती पट्टी पाणी ओढायची. झाडाला हवं तेवढं ते पिणार. न्हाणीघराच्या नळाला नळी लावून तिचं दुसरं टोक टबात अडकवलं होतं. आठवड्यातून एकदा नळ उघडायचा आणि काठीच्या टोकाने बंद करायचा. बी असं घेतलं होतं की झाड वेळ झाली की आपलं आपण फुलावर येतं, दिव्याच्या तासांची उठाठेव नको. फांद्या फार वर जायला लागल्या की त्या खाली वाकवून कुंडीच्या काठाला कपड्यांच्या चिमट्याने धरायच्या. चिमटा एका हाताने लागतो. गाठ लागत नाही.

"बाकीच्या वेळी काय करतेस?" मी विचारलं.

"झोपते. म्हणजे आम्ही सगळेच आपापलं काम करतो."

मी हे मावराला सांगितलं. "हे काही पिकवणं नव्हे," ती म्हणाली. "झाडाला माणसाचा हात कळतो." पण त्या रात्री जेवताना तिने मला विचारलं, पट्टी कापसाची आहे की लोकरीची.

जून संपेपर्यंत कपाटाचं दार उघडलं की अंगावर हिरवं यायचं. तीन झाडं पुढच्या बाजूला दिमाखात उभी. चौथं कोपऱ्यात तिमोफेच्या कोटाआड गेलेलं, वाकडं, जरा मागासलेलं. आगाशा त्याला 'माझं' म्हणायची. घरात वास इतका दाटला होता की टपाल टाकणारा माणूस दारात उगाच रेंगाळायचा. मला पहिल्यांदाच वाटायला लागलं की ही बाई जिंकेल. आणि तेव्हाच मला कळलं की माझी तशी किती इच्छा आहे. आयुष्यभर मी बायकोच्या बाजूने राबलो, पण मन पलीकडच्या ओसरीवर चहा पीत बसलेलं होतं.

जुलैत आगाशाला तपासणीसाठी मोठ्या दवाखान्यात ठेवून घेतलं. आठवडाभराचा मुक्काम. टब भरलेला होता, दिवा स्वतः लागत होता, कुणी काही करायची गरज नव्हती. जाताना तिने तसं बजावलंही, "कपाट उघडू नका. ते सुट्टीवर आहे."

मावरा घर झाडायला गेली. बहीण नसताना घर घाण राहील, हे तिला सहन होणारं नव्हतं. जमीन पुसली, खिडक्या पुसल्या, आणि कपाटाची दारं पुसताना ती उघडली. मी तिथे नव्हतो, पण काय झालं असेल ते मला डोळ्यांसमोर दिसतं. वरची माती कोरडी. वातीने पाणी खालून येतं, वरची माती कोरडीच राहते, पण हे मावराच्या डोळ्यांना पटणार नाही. जन्मात कधी तिने कोरडी माती बघून पाऊल पुढे टाकलेलं नाही. ती आमच्या अंगणात आली. तिथे तिचं पिंप आहे, कोंबडीची विष्ठा पाण्यात मुरवलेलं. त्याचा वास सांगवत नाही, पण तिचे कोबी त्यावरच बक्षिसं आणतात. कोबीला ती ते भरपूर पाणी घालून देते. त्या दिवशी तिने बादली तशीच भरली आणि नेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पानं करपलेली दिसली, तेव्हा तिला वाटलं, अजून भूक आहे.

चौथ्या दिवशी ती मला शोधत शेडमध्ये आली आणि लाकडाच्या ओंडक्यावर बसली. मावरा दिवसाउजेडी बसली म्हणजे काहीतरी भयंकर घडलं असणार.

"लुक्यान," ती म्हणाली, "मी तिची झाडं मारली."

"मुद्दाम?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी माझा प्रश्न गिळला. "ती तहानलेली दिसली रे. माझा हात थांबेना."

आगाशा परत आली त्या दिवशी मावरा तिच्या दारात उभी होती, एप्रन हातात चुरगाळत. तिने सगळं एका दमात सांगून टाकलं, बादलीसकट. आगाशा काठी टेकत कपाटापाशी गेली. पुढची तिन्ही झाडं काळवंडून माना टाकून पडली होती. कुंड्यांतून जो वास येत होता त्याने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आगाशाने बराच वेळ पाहिलं. मग ती हसायला लागली. आधी खांदे हलले, मग ठसका लागला, मग तिला पलंगावर बसवावं लागलं.

"हसू नकोस," मावरा म्हणाली. ती स्वतः रडत होती.

"अगं, साठ वर्षं मी तुला सांगतेय, थोडं बसत जा. आता तरी पटलं?"

"शब्द मोडला मीच. माझा हात लागला झाडाला. पण न्यान्या, शब्द नसला तरी ती खोली... मला तुझी काळजी वाटते गं."

"कोट बाजूला कर," आगाशा म्हणाली.

मी मावराकडे बघितलं, तिने मान हलवली, म्हणून मी तिमोफेचा कोट सरकवला. त्याच्यामागे ते चौथं झाड होतं. वाकडं, ठेंगणं, आणि हिरवंगार. बादली घेऊन आलेल्या मावराला ते दिसलंच नव्हतं, आणि टबातून त्याला पोचलं ते पाण्याने पातळ झालेलं.

"एक पुरे," आगाशा म्हणाली. "शब्द कायम आहे. मेलेली काढून टाक, लुक्यान, ती आता झाडं नाहीत."

मेलेल्या कुंड्या मी बाहेर नेल्या आणि कोट दुसऱ्या खुंटीवर लावला. आता अख्खा दिवा त्या एकाचा. पंखाही त्याचा, टबही त्याचा. आधी ते दबून होतं, आता चारी बाजूंनी पसरलं. आगाशा चिमटे लावत गेली आणि झाड कपाट भरून बसलं, मांडी घालून. फुलं अशी धरली की फांद्यांना भार सोसेना. मावरा रोज बोर्श घेऊन जायची, तो टेबलावर ठेवायची आणि कपाटाकडे पाठ करून उभी राहायची, हात एप्रनच्या खिशात खुपसून. तिच्यासाठी तो उन्हाळ्यातला सगळ्यांत अवघड श्रम होता.

ऑगस्टच्या शेवटी आगाशाने फांद्या उतरवल्या. दिवा बंद केला आणि त्याच कपाटात त्या उलट्या टांगल्या, दार किंचित उघडं ठेवून. पानं कातरायला दोन हात लागतात, एक धरायला, एक कापायला. मला वाटलं, इथे ती अडणार. तिने फांदी पडद्याच्या हुकाला लटकवली, खुर्ची खाली ओढली आणि उजव्या हाताने कात्री चालवली. फांदी फिरत होती आणि ती जागेवरच. मी नकळत हात पुढे केला.

"हात मागे," ती म्हणाली. "शब्द आहे."

कातरण तिने तेलात टाकून ठेवलं. गुडघ्यांना लावायला मलम करीन म्हणाली. सगळ्यांत सुबक फुलं काचेच्या बरणीत घातली आणि झाकण लावलं.

जत्रेच्या दिवशी मावराच्या कोबीवर लाल रिबन लागली. आमच्याकडे पहिल्याला लाल असते. तिने त्याकडे धड पाहिलंही नाही. बाहेर मला कोपऱ्यात ओढून म्हणाली, "ती हरली तर मला काय आनंद होणार आहे का? पण ती रात्रीची पडली तर? पहाटेपर्यंत तशीच पडून राहिली तर?"

"आणि जिंकली तर?"

"शब्द दिलाय," मावरा म्हणाली आणि डोळे पुसले.

गांजाच्या टेबलावर यंदा बऱ्याच बरण्या होत्या. गेली काही वर्षं पहिला येणारा एक दाढीवाला तिथे उभा होता. त्याच्या तळघरात म्हणे इतकी यंत्रं आहेत की शेजाऱ्यांचे दिवे मिणमिणतात. परीक्षक ऑड्री नावाची बाई होती, शहरात रोपवाटिका चालवणारी. तिने एकेक बरणी उघडली, हुंगली, भिंगातून पाहिलं, देठ वाकवून तो मोडताना कानाशी धरला. एका बरणीपाशी थांबली. पुढे गेली आणि परत त्याच बरणीकडे आली. आगाशा हे काही बघत नव्हती. ती हॉलच्या पार मागे दाराजवळच्या खुर्चीत बसली होती. तिथून गाडी जवळ पडते, म्हणून.

ऑड्रीबाई व्यासपीठावर गेली आणि म्हणाली, की इतकं नीट वाळवलेलं, इतक्या निगुतीने कातरलेलं फूल या टेबलावर तिने आजवर पाहिलं नव्हतं. मग नाव वाचलं. आगाशाचं.

हॉलमध्ये लोक एकमेकांकडे बघायला लागले. आमचीच माणसं जास्त होती, प्रार्थना गाणारी मंडळी, वडीलधारे, रुमाल बांधलेल्या म्हाताऱ्या. मग दाढीवाल्याने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मनापासून, हे मी कबूल करतो.

"पुढे याल का?" ऑड्रीबाईने विचारलं.

"मी आत्ताच बसलेय," मागून आगाशा म्हणाली. "तुम्हाला त्रास नसेल तर रिबन इकडे पाठवून द्या."

कुणीतरी फस्सकन हसलं. मग सगळा हॉल हसला. ऑड्रीबाईने रिबन पुढच्या रांगेतल्या माणसाच्या हातात दिली. तो आमच्या गायकांचा पुढारी होता. गांजाच्या टेबलावरून जाताना दरवर्षी छताकडे बघणारा. त्याने ती शेजारणीला दिली, तिने मागच्याला. लाल रिबन हातोहात मागे सरकायला लागली. त्या हॉलमध्ये असा एकही हात नव्हता, ज्याच्या मालकाने आयुष्यात कधी ना कधी आगाशाला आळशी म्हटलं नव्हतं. प्रत्येकाने ती घेतली, तिच्याकडे वळून पाहिलं आणि पुढे दिली. माझ्यापर्यंत आली तशी मीही घेतली. सांगायला लाज नाही, मी तिथे उभ्या उभ्या रडलो. रिबन मी माझ्या बायकोच्या हातात दिली. मावराच्या पुढे आता फक्त आगाशा होती.

मावरा तिच्यासमोर उकिडवी बसली. दोन्ही हातांनी, अगदी सावकाश, तिने ती रिबन बहिणीच्या स्वेटरला लावली, पिन टोचणार नाही अशी.

"पडलीस तर?" ती म्हणाली.

"पडले तर पडल्या पडल्या जरा विश्रांती घेईन. मग तुला फोन करीन. फोन गळ्यातच असतो माझ्या."

"उचलायला मी येणार."

"तू नाही येणार तर कोण येणार? बोर्श पण आण येताना."

मावराने मान हलवली. नाक पुसलं. "उद्या जाऊन सांगते त्यांना, खोली नको म्हणून."

"उद्या जायचं कशाला? एवढा रस्ता. आत्ता फोन कर."

मावरा उभी राहिली. सगळा हॉल बघत होता. तिने एप्रनच्या खिशातून फोन काढला आणि वृद्धाश्रमाचा नंबर लावला. पलीकडे कुणीतरी काहीतरी विचारत होतं, ते आम्हाला ऐकू येत नव्हतं.

"हो, आगाशासाठी ठेवलेली. ती नको आम्हाला," मावरा म्हणाली. "नाही, तब्येत तशीच आहे. नाही हो, दुसरीकडे कुठे नाही, तिच्या घरीच." मग पलीकडून कारण विचारलं असावं. मावराने बहिणीच्या स्वेटरवरच्या त्या लाल रिबनकडे पाहिलं आणि तिचा आवाज इतका चढला की व्यासपीठावरची ऑड्रीबाईसुद्धा वळली.

"कारण? माझी बहीण पहिली आली," मावरा म्हणाली. "लिहून घ्या तसं."